जिराफ येईपर्यंत कुणी थांबलं नाही

आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील तहसीलमध्ये, काका कोर्टात. कल्पनाशक्ती म्हणाल तर ती आम्ही फक्त रजेच्या अर्जात वापरायचो. अशा घरातली मी, पैठण रस्त्यावरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते, आणि मुलांनी स्वतःच्या मनानं गोष्ट सांगावी असा हट्ट धरून बसले होते.

हट्टाला कारण होतं. शाळेतल्या तक्त्यावर गाय दाखवली की अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, "गाय उपयुक्त प्राणी आहे." झाड दाखवलं, झाड उपयुक्त. विहीर दाखवली, विहीर उपयुक्त. एकदा चिडून मी पायातली चप्पल वर धरली. चप्पलही उपयुक्त निघाली. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात रोज सकाळी शहरातल्या सिडकोतून निघून एसटीत उभं राहून यायचं. त्या दिवशी मी तक्ते गुंडाळून कपाटावर टाकले ते पुन्हा खाली काढले नाहीत.

तक्त्यांच्या जागी आले ते चितेगावचे कागद. तिथं खोकी छापणारा एक कारखाना होता आणि आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील तिथं कामाला होते. मुलांना लिहायला पाठकोरे कागद होतील म्हणून त्यांनी मला एक गठ्ठा आणून दिला. छपाई सुरू करताना शाई नीट उतरेपर्यंत तोच कागद पुन्हा पुन्हा मशीनमधून काढतात म्हणे. त्यामुळे बिस्किटाच्या खोक्यावर औषधाचं खोकं, त्यावर वहीचं कव्हर, त्यावर अगरबत्तीचा पुडा, असं सगळं एकावर एक छापलेलं. एका कागदावर पैलवानाच्या पोटात पंखा फिरत होता. दुसऱ्यावर हसऱ्या बाळाच्या डोक्यातून मोहरी तडतडत होती. कोरी बाजू बघायचं सोडून मी छापील बाजूच बघत बसले. यातलं काहीच कुणाला उपयुक्त म्हणता येणार नाही, याचा मला फार आनंद झाला.

"हे काय आहे ते तुम्ही मला सांगायचं," मी वर्गाला म्हणाले.

सांगितलं त्यांनी. पैलवान टँकर ढकलत होता. बाळ टँकरखाली खेळत होतं. अगरबत्ती टँकरच्या पूजेची होती.

लागोपाठ दुसरं दुष्काळी वर्ष होतं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि मारुतीच्या देवळामागं त्याच्यासाठी भांड्यांची रांग लागायची. हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे. माणसानं उभं राहायची गरज नसे, भांडं ठेवलं की नंबर लागला. शहर तर दरवर्षी आमच्याकडे सरकत होतं. शेतांमध्ये प्लॉट पाडले होते आणि त्यांच्या बोर्डांवर कारंजी रंगवली होती. जायकवाडी धरणाचं पाणी शाळेसमोरूनच, माणूस वाकून आत जाईल एवढ्या जाड पायपातून, शहराकडे जायचं. म्हणजे माझ्याच घरच्या नळाला. मुलं मधल्या सुट्टीत त्या पायपाला कान लावून आवाज ऐकत. मी तिकडं बघायचं टाळत असे.

तर मी फर्मान काढलं. गोष्टीत टँकर आणायचा नाही. लगेच दुसऱ्या दिवशी एकानं सुरुवात केली, "एक लई मोठ्या पोटाचा राजा होता. त्याला मागून नळ होता."

"खाली बस," मी म्हणाले.

शिवाय गोष्ट कशी सांगावी हेही मी शिकवत होते, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. तीन पिढ्यांची कारकुनी बोलत होती. "कुठं, कधी, किती वाजता, हे आलंच पाहिजे. नुसतं एकदा एक राजा होता, असं चालणार नाही. कोणत्या गावात? सकाळी की संध्याकाळी?" तपशील असला की लोकांचा विश्वास बसतो, असं मी त्यांना आठवडाभर घोकून घेतलं.

वर्गात मागच्या रांगेत एक मुलगी बसायची. जूनपासून होळी जवळ येईपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला तिचं नाव आलं की शेजारची ओरडायची, "आलीय बाई!" आधीच्या शाळेत तिच्या वाचण्याला कुणीतरी खूप हसलं होतं, एवढंच मला कळलं होतं. मी रागावून पाहिलं, गोडीगुलाबीनं पाहिलं, गूळ-शेंगदाणे देऊन पाहिलं. शेंगदाणे तिनं खाल्ले. आपल्या हातून हे मूल गप्पच पाचवीला जाणार, ही माझी त्या वर्षीची खरी चिंता होती. बाकी चिंता अहवालात लिहिण्यापुरत्या.

एक दिवस मी नवा कागद वर धरला. वहीच्या कव्हरावरचा जिराफ, त्याच्या अंगावर निळा गोल डबा आणि कोपऱ्यात लाल साडीचं काहीतरी. जिराफाची मान बरोबर डब्याच्या झाकणातून वर आलेली.

"बाई, टँकर," पहिल्या रांगेतून आलं.

"टँकर नाही म्हणून किती वेळा सांगायचं?" माझा पारा चढला.

आणि मागून एक अगदी खरखरीत आवाज आला. "पण बाई, त्याचा ड्रायव्हर जिराफ हाय."

सगळ्या माना मागं वळल्या. मला रडूच येणार होतं, म्हणून मी फळा पुसायला लागले. फळ्यावर काही नव्हतं. टँकरवरची बंदी मी जागच्या जागी उठवली. तिनं गोष्ट सांगितली आणि तपशीलही सगळे दिले: उद्या सकाळी सात वाजता, मारुतीच्या देवळामागं, निळा टँकर, सगळ्यांना भांडं भरून पाणी. आणि मग जिराफ. मी इतकी खूश झाले की तिला घरचा अभ्यास दिला. "आज घरी जाऊन ही गोष्ट कुणालातरी सांगायची. मोठ्यानं."

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरले तर देवळापासून रस्त्यापर्यंत भांडी. शंभराच्या आसपास तरी असतील. टँकरचा दिवस उद्याचा होता, म्हणून मला नवल वाटलं. रांगेत अकराव्या नंबरला आमच्या शाळेचं पिंप होतं आणि त्यावर हात ठेवून हेडसर उभे होते.

"मॅडम, जादा टँकर मंजूर झालाय. निळा," ते म्हणाले. "साडेआठ वाजले, आला नाही अजून. सरकारी काम, दुसरं काय."

पिशवीतला जिराफाचा कागद मी आणखी आत सारला.

झालं होतं असं. मुलीनं घरी जाऊन अभ्यास केला होता. भाकरी थापणाऱ्या चुलतीला तिनं मोठ्यानं सांगितलं, उद्या सकाळी सात वाजता मारुतीच्या देवळामागं निळा टँकर येणार. ती पुढं बोलणार, तोवर चुलती परातीतलं पीठ तसंच टाकून हंडा घेऊन पळाली होती. तिला बघून शेजारीण पळाली, तिला बघून आळी. जिराफ येईपर्यंत कुणी थांबलंच नाही. आणि शंका तरी कोण घेणार? जी पोरगी कधी तोंड उघडत नाही तिनं उघडलं, म्हणजे बातमी पक्कीच असणार, असा गावाचा हिशेब.

चुलती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा हंडा पहिला होता. "मॅडम, पोरगी म्हणती तुमीच सांगाया लावलं. कव्हा येतो टँकर?"

मुलगी तिच्या मागं उभी होती. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. आणि मी, जी वर्गात चप्पल उपयुक्त म्हटली म्हणून कडाडते, ती त्या घोळक्यासमोर म्हणाले, "मी असलं काही शिकवलेलं नाही. तिनं मनानंच सांगितलं असेल."

मुलीनं मान खाली घातली. तिचे ओठ मिटले ते मी पाहिलं. आठ-नऊ महिन्यांनी उघडलेलं ते तोंड मी एका वाक्यात बंद केलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की भीती मागं पडली.

"नाही, खोटं बोलले मी," मी म्हणाले. "चूक माझी आहे. ती गोष्ट होती. मीच घरी सांगायला लावली. तिनं पूर्ण सांगितली असती, पण तुम्ही अर्ध्यातून पळालात. जिराफ राहिला."

"कंचा जिराफ?" चुलती म्हणाली.

पिशवीतून कागद काढून मी तिच्या हातात दिला. तिनं तो आडवा धरला, उभा धरला, मग शेजारणीला दिला. कागद रांगेतून फिरायला लागला.

"ह्ये लग्नातलं हाय. ही बघ नवरी."

"नवरी नाय, चिमणी हाय कारखान्याची. शेंद्र्याकडं अशाच हायेत."

"उंट वाटतोय मला," हेडसर म्हणाले. "डब्यात उंट."

"नाय!" मुलगी ओरडली. एवढ्या मोठ्यानं की देवळावरची कबुतरं उडाली. "उंट नाय, जिराफ हाय! अन् नवरी बी नाय, ते त्याचं लाल फडकं हाय, काच पुसाया!"

कागद पुन्हा चुलतीच्या हातात आला.

"मान कामून बाहेर हाय मग त्याची?" चुलतीनं विचारलं.

"केबिनमधी मावत नाय म्हणून टपाला भोक पाडलंय. वरून त्याला लांबचं दिसतं. त्यानं बघितलं, तर धरणातलं पाणी आपल्या गावापुढून चाललंय अन् इथं थांबंना. मग त्यानं टँकर उभा केला अन् पायपाला तोंड लावून मान आत घातली. मान लई लांब. जात गेली, जात गेली, पार शहरात गेली. अन् तिथं एका बाईनं सकाळी नळ सोडला..."

"मंग?"

"तर नळातून जीभ आली!"

आधी कुणीच हसलं नाही. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. शहरातून येणारी, नळ असलेली बाई गावात एकच होती. मग चुलतीनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती खालीच बसली हसत. बायका एकमेकींना धरून हसत होत्या. एक म्हातारे बाबा मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "तुमी काय केलं मंग, मॅडम? जिभंचं?" मी शाळेचं पिंप सरळ करायला लागले.

भांडी मात्र कुणी उचलली नाहीत. उद्या खरा टँकर येणारच होता, लागलेला नंबर कोण सोडतो? हेडसरांनीही पिंप तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा लोक पाण्याच्या आधी केबिनच्या टपाकडे बघत होते आणि बिचारा ड्रायव्हर उतरून टायर तपासत होता.

पण आदल्या दिवसाची, त्या गोंधळाच्या सकाळची, हजेरी सांगायची राहिली. वर्ग भरायला साडेनऊ झाले. मी नावं घ्यायला लागले. तिच्या नावाजवळ आले आणि पेनाचं टोपण लावलं, काढलं. गावासमोर मी तिच्यावर ढकललं होतं, ते तिनं ऐकलं होतं. नंतर सगळे हसले म्हणून ते पुसलं जात नाही. मी नाव घेतलं आणि मस्टरमधून मान वर केली नाही.

शेजारची "आलीय बा..." म्हणेपर्यंत तिला कोपराची ढुसणी बसलेली मला ऐकू आली.

"हजर," खरखरीत आवाज म्हणाला. आणि वर, "बाई, पुढच्या टायमाला जिराफ आधी आणते."