अक्षरांवरची फुंकर

भावजी, तुमच्याबद्दल लिहायचं तर तुमच्याशीच बोलत लिहिते. पाठीमागे बोलायची मला सवय नाही, आणि उलट उत्तर द्यायची तुमची सोय आता उरलेली नाही.

तुम्ही माझे सर्वांत धाकटे दीर. ग्रॅनाइटवर नावं कोरायचात. अर्ध्या गावाच्या दारांवर तुमचं अक्षर आहे आणि तुमचंच दार बोडकं. विचारलं की म्हणायचात, "ज्याला माझं घर ठाऊक नाही, त्यानं यावंच कशाला?"

पत्र्याची शेड, मधोमध टेबल, कटरची किंचाळी. पांढऱ्या पेन्सिलीनं अक्षर आखायचं, कटरनं रेघ पाडायची, छिन्नीनं खोली द्यायची, आणि घटकेघटकेला खाली वाकून फूऽऽ! खाचेतली भुकटी उडायची, अक्षर उघडं पडायचं, आणि मग तुम्ही तिथल्या तिथेच श्वास घ्यायचात. पाण्याची धार सोडली तर भुकटी बसते, हे तुम्हालाही माहीत होतं. पण पाण्यानं आखणी पुसते म्हणून सगळं कोरडंच. मास्क होता, पण हनुवटीला.

"नाकावर घ्या की तो!"

"मग फुंकू कुठून, वहिनी? कानातून?"

खोकल्याचंही तेच. "शेडमध्ये सगळेच खोकतात, आमचा भोंगा आहे तो." तीन आठवड्यांनीही खोकला हटत नसेल तर छाती तपासून घ्या, म्हणून मी डोकं खाल्लं. "मी सिगारेट ओढतो का? तुमच्या नवऱ्याला धरा." त्यांना धरलंच होतं हो! पण फुप्फुसाचा कॅन्सर सिगारेट न ओढणाऱ्यालाही होतो, आणि दगडाच्या बारीक भुकटीनंही होतो, हे तुमच्या गळी उतरेना.

शेवटी एक्स-रे काढलात आणि नाचवत आणलात. "स्वच्छ!" डॉक्टरीणबाई पुढेही बोलल्या होत्या. भुकटीत काम करता, एक्स-रेतून लहान गाठ निसटते, सीटी स्कॅन करून टाका. तेवढं मात्र तुम्ही दवाखान्यातच सोडून आलात. मला ते कळलं ते थुंकीत रक्त आल्यावर, सदरे अंगावर लोंबायला लागल्यावर. स्कॅन झाला तेव्हा गाठ हाडापर्यंत पोचली होती. "लहान असताना सापडती तर कापून काढता आली असती," बाई म्हणाल्या. तुम्ही मान डोलावलीत, जसं काही गिऱ्हाइकानं पाटीतला काना राहिल्याचं दाखवलं.

आता शेड तुमची लेक चालवते. परवा गेले होते. टेबल तेच, पेन्सिल तीच, मास्क हनुवटीला. ती वाकली, मान तुमच्यासारखीच डावीकडे कलती, आणि फूऽऽ!

"पुन्हा फुंकलंस तर कानाखाली वाजवीन."

"काकू, बाबा पण असंच..."

"बाबाचंच सांगतेय मी."

"अगं, पाण्यानं आखणी पुसते!"

"पुसू दे. पुन्हा आख."

ती हसली आणि हसता हसता खोकली. "ठसका लागला गं," म्हणाली. लागलाही असेल. पण तेव्हापासून मी घरात एका जागी बसलेली नाही. भाजी करपते, फोन वाजला की दचकते. सोमवारी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे. मुकाट्यानं येणार नाही, तुमचीच पोर. ओढत नेईन. या वेळी बाई काय म्हणतात ते शेवटच्या शब्दापर्यंत माझ्या कानांनी ऐकेन.

कटरला लावायची पाण्याची नळीही काल एकटी जाऊन घेऊन आले. कटरच्या तोंडाला बसेना. माप तुमच्या डोक्यात होतं.

ती नळी आणायला एकदा आपण निघालो होतो, आठवतं? मी पिशवी घेऊन फाटकात, तुमच्या पायांत चपला. तेवढ्यात घाईचं गिऱ्हाईक आलं. "पुढच्या रविवारी नक्की, वहिनी," म्हणालात, आत गेलात आणि कटर सुरू केलात.