हात बसला नाही

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही — आणि तिला ठाऊक नाही असं माझ्यापाशी फार थोडं उरलंय. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. बसा जरा.

माझा धंदा ढिगांचा. इंदूरच्या एका कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलं, पण जीव रमला तो दाण्यांत. वाळू, मोहरी, राळे — ढीग उभा कसा राहतो, दाबला की कुठून फुगतो, केव्हा घसरतो. एकदा माझं मोहरीचं पिंप व्हरांड्यात लवंडलं आणि आमचे प्राचार्य दारापासून थेट स्वतःच्या केबिनपर्यंत न चालता पोचले. हा किस्सा मी लग्नामुंजीत सांगतो. लोक पोट धरून हसतात. मुद्द्यावर यायचं नसलं की मी मोहरी सांडतो — आत्ताही तेच केलं, पाहिलंत ना?

तर साबुदाणा.

काचेचे मणी मागवले होते, ते काही येईनात. म्हणून सियागंजच्या किराणा बाजारातून साबुदाणा आणला — पांढरा, गोल, एकसारखा. ऐन श्रावण होता. दुकानदार पिशवी बांधता बांधता म्हणाला, "साब, डब्बा कसके बंद रखना. बारिश में ये दाना पानी पीता है." मी हसलो. मी खिचडी थोडीच करणार होतो?

प्रयोग सोपा होता. टेबलावर साबुदाण्याचा ढीग करायचा, हात न लावता आठवडाभर त्याचा उतार मोजायचा. ढीग हलत होता! रोज केसभर बसत होता. कोणी ढकललं नाही, टेबल हललं नाही — मग का? मी लिहिलं, की ढीग स्वतःच्याच वजनानं, आतल्या आत, सावकाश बसत जातो. लेख छापून आला. लोकांनी आपापल्या लेखांत त्याचा दाखला दिला. परदेशातून बोलावणं आलं. स्टाफरूममध्ये एकादशीला आरोळी उठायची, "भिया, अपने सर का तो फिजिक्स भी फरियाली है!" उपासाला चालणारं फिजिक्स. मी मिशीत हसायचो. खरं सांगू? आवडायचं.

मग अर्चना आली. महूहून रोज बसनं यायची, माझ्याकडे पीएचडीला. घरात एवढं शिकणारी पहिलीच. तिला मी माझाच प्रयोग पुढे न्यायला दिला. तिनं एक गोष्ट केली, जी मी केली नव्हती. दाणे आधी चांगले सुकवले, आणि ढिगावर काचेची पेटी पालथी घालून कडा मेणानं बंद केल्या.

ढीग हललाच नाही.

"सर, पंधरा दिवस झाले, एकदम जाम आहे. मला वाटतं हवेतली ओल असेल. दिवसा दाणा सुकतो, रात्री फुगतो, म्हणून आपला ढीग सरकत होता." हे ती घाबरत सांगत होती. चूक आपलीच असणार, अशा आवाजात.

मी म्हटलं, पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं. आणि मी — हे कुणालाच माहीत नाही — दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज रिकामं असताना तसाच ढीग केला, तशीच पेटी घातली, तसंच मेण लावलं. सुट्टी संपेपर्यंत रोज जाऊन बघितलं. नाही हलला. दुकानदार एका वाक्यात जे सांगून गेला होता, ते मला कळायला एवढी वर्षं लागली. नाही, हेही खोटं. कळलं होतं तेव्हाच. ऐकायचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात तिच्या कामाची तपासणी झाली. बाहेरून आलेल्या दोघांनी विचारलं, हिचे आकडे तुमच्या लेखाशी जुळत का नाहीत? अर्चनानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, की ती बरोबर आहे.

मी म्हणालो, "मुलगी मेहनती आहे, पण हात बसलेला नाही."

दोघं समजूतदारपणे हसले. हात बसणं — आमच्या धंद्यात यावर वाद नसतो. दाणा कसा ओतावा, पेटी कशी ठेवावी, हे वर्षानुवर्षांनी येतं म्हणतात. ज्याचा हात बसला नाही त्याचे आकडे कोण मानणार? ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे, सर." उन्हाळ्यापर्यंत तिनं पीएचडी सोडली. मी तिला थांब म्हटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

गेल्या वर्षी महूच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो. गळ्यात हार, हातात नारळ. आणि समोर अर्चना — केस पिकलेले, तिथलीच विज्ञानाची टीचर. "बच्चों, ये मेरे सर हैं," तिनं मुलांना सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. तिच्या दोन विद्यार्थिनींच्या टेबलावर साबुदाण्याचे दोन ढीग होते. एक उघडा, एक काचेखाली. मुली पाठ केल्यासारखं सांगत होत्या, दाना पानी पीता है, सर. सियागंजचंच वाक्य. तिला कोणी सांगितलं असेल? तिनं स्वतःच शोधलं असणार. दाण्याशी जो इमानानं वागतो, त्याला ते सापडतंच.

आता तरी? वय झालं, रिटायर झालो, मला कोण काय करणार होतं?

पहिलं बक्षीस मी ज्वालामुखीला दिलं. सोडा आणि व्हिनेगर. दुसरं कसल्याशा पवनचक्कीला.

निघताना अर्चना गाडीपर्यंत सोडायला आली. मुली हिरमुसल्यात, असं मीच काहीतरी पुटपुटलो. तिनं दार उघडून धरलं.

"चालतं, सर," ती म्हणाली. "त्यांचा हात अजून बसलेला नाही."

गाडी सुटली. मी मागे वळून पाहिलं नाही.

तिचा हात बसलेला होता. पहिल्या दिवसापासून.