पेडलवरचा पाय

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भागीदाराला नाही, देवासमोरही नाही — तिथे मी फक्त मागायला जातो. आणि आज सांगतोय म्हणून माझं मन मोठं झालंय असं समजू नका. त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

माणूस म्हणजे आमचा मेस्त्री, मूळचा कुडाळचा. ऐंशीनंतरची ती वर्षं. घाटकोपरला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि ब्रेकच्या कामाला मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंतचे लोक त्याच्याकडेच यायचे. मी त्याच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. इंजिन खोलायचो, क्लच बसवायचो, कुर्ल्याच्या भंगारबाजारातून पार्ट आणायचो — तिथले दुकानदार मला बघून आधीच भाव उतरवायचे, अशी माझी जीभ. पण ब्रेक? "ब्रेकाक हात लावूचो नाय." नऊ वर्षं हेच. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर मी विषय काढला, तर म्हणाला, "पाय आसा मां तुका? तोच वापर." सगळे हसले. मी पण हसलो.

पाय म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ब्रेकच्या लाइनीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं, स्पंजावर पाय दिल्यासारखं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक जण गाडीत बसून पेडल दोन-तीनदा मारतो आणि दाबून धरतो. दुसरा चाकामागे आडवा होऊन निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, पान्याने सैल करतो. तेलाबरोबर हवा बाहेर पडते. निपल पुन्हा आवळला की खालचा सांगतो — सोड. त्याआधी पाय उचलला तर? बाहेरची हवा परत आत. म्हणून बाकीचे मेकॅनिक निपलला रबरी नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचे. पाय चुकला तरी आत तेलच जातं. आमचा मेस्त्री नळी लावत नसे. तेलाची धार बोटावर घ्यायची आणि हवा कानाने ओळखायची, हा त्याचा तोरा. नळी म्हणे शिकाऊ लोकांसाठी.

नऊ वर्षं मी गाडीत बसलेला तो पाय होतो.

एका दुपारी मुलुंडचे एक डॉक्टर फियाट घेऊन आले. पेडल पार खाली जायचं, दोनदा मारलं की वर यायचं. मेस्त्रीनं ते दाबून धरून बघितलं — हळूहळू बसत नव्हतं, म्हणजे पेडलचा दाब तेलाला देणारा मास्टर सिलिंडर शाबूत. मग चाकं काढली. मागच्या डाव्या चाकात तेल पाझरलेलं. तिथली रबरं बदलली. निदान बरोबर, काम बरोबर — हे मी आजही नाकारत नाही. फक्त हवा काढायची राहिली होती. मी म्हटलं, आज मी खाली जाऊ का? डॉक्टरांदेखत, मान न वळवता, तो म्हणाला, "चल, बस गाडीत."

बसलो. दाब म्हणाला, दाबलं. धर म्हणाला, धरलं. आणि सोड म्हणायच्या जरा आधी, पाना आवळायला लागल्याचा आवाज आला तेव्हाच — मी पाय उचलला. थोडासाच.

चुकून? नाही. पहिल्यांदासुद्धा नाही.

चारही चाकं झाली. पेडल मऊ. पुन्हा चार. मऊच. त्यानं नवी रबरं काढून तपासली, परत बसवली. लाइनीचा प्रत्येक जोड पुसून बघितला. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. तिसऱ्या फेरीनंतर तो उठला, कपाळाला तेल लागलेलं, आणि म्हणाला, "डॉक्टर, अशी गाडी मी देणार नाही." डॉक्टर माझ्याकडे वळले. "तू बघतोस का रे?"

मी अगदी आदराने बोललो. "मेस्त्रींचं वय झालं, साहेब. मी बघतो."

वय किती? पन्नाससुद्धा नव्हतं.

मग मी खाली गेलो आणि तो गाडीत बसला. माझ्या "सोड"शिवाय त्यानं एकदाही पाय उचलला नाही. एकदाही. असं कोणी मुद्दाम करेल हे त्याच्या डोक्यात शिरलंच नसावं — आणि मला त्याचाच जास्त राग आला. एका फेरीत पेडल दगडासारखं झालं, त्याच्याच पायाखाली.

पुढचं मी जिभेने केलं. भंगारबाजारात, टपरीवर, गिऱ्हाइकांत — मेस्त्रीचा हात गेला. दोन वर्षांत मी समोरच्या गल्लीत माझं गॅरेज टाकलं, ब्रेकवाले सगळे माझ्याकडे. त्यानं शेड विकली आणि कुडाळला परत निघाला.

निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. भांडायला आला असं वाटून मी कंबर कसून उभा राहिलो. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "गण्या, त्या दिवशी माझा काय चुकला रे? तू थंयच होतस. तुका दिसला असतला."

तेव्हा सांगता आलं असतं. त्याचं सगळं माझ्याकडे आलेलं होतं, गमवायचं काही उरलंच नव्हतं. मी म्हणालो, "निपल आवळताना तुमचा हात कापत होता, मेस्त्री. मी मुद्दामच बोललो नाही."

त्यानं उजवा हात समोर धरला, बोटं पसरली आणि बराच वेळ बघत राहिला. हात स्थिर होता. मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं.

"बरा झाला सांगलंस," तो म्हणाला, आणि गेला. त्यानं स्वतःच्या हातावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला.