पाणी कोण भरायचं?

वहिनी गेल्याचं मला उरणच्या मोरा धक्क्यावर कळलं. मुंबईहून लाँचनं येऊन उतरलो तेव्हा पिशवीत त्यांच्यासाठी घेतलेली दोन पुस्तकं होती, दोन्ही फोटोग्राफरांची चरित्रं. दादाचा शेजारी समोर आला, म्हणाला, "काल गेली रे..." आणि मी खुळ्यासारखा पिशवी सांभाळत उभा राहिलो. त्याला आता दीड महिना झाला.

दादा माझा मावसभाऊ. उरणात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. त्याला इंग्रजी येत नाही, पण जगातल्या फोटोग्राफरांबद्दल जाणून घ्यायची हौस दांडगी. वहिनी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या. त्या डिक्शनरी घेऊन पुस्तक वाचून ठेवायच्या आणि दादा डार्करूममध्ये काम करत असला की अंधारात त्याला सांगायच्या. पुस्तकं पुरवायचं काम माझं. फोर्टातला ओळखीचा फुटपाथवाला न आवडलेली पुस्तकं परत घ्यायचा, आणि त्याची गरज फार पडायची, कारण वहिनींची निवड कडक. नाव, बक्षिसं, कव्हर, कशाचंही कौतुक नाही. दोन दिवस पानं चाळायच्या आणि विचारायच्या, "भावजी, या साहेबाचं पानी कोन भरत होतं?"

फोटो धुवायला पाणी किती लागतं ते बाहेरच्याला कळत नाही. तासभर नीट धुतले नाहीत तर ते पुढे पिवळे पडतात. स्टुडिओचं सगळं पाणी वहिनी विहिरीवरून आणायच्या, हंड्यावर कळशी ठेवून, आणि वर फडक्यातून गाळायच्या. म्हणून ज्या पुस्तकांत बायको, बहीण, नोकर, कुणीतरी बादली उचलताना दिसे, तीच पुस्तकं घरात राहत. एका बड्या फोटोग्राफराचं जाडजूड आत्मचरित्र मी मिरवत आणलं होतं. "चारशे पानं, न सगले फोटो आपोआप धुवून झाले!" असं म्हणून त्यांनी ते माझ्या पिशवीत घातलं. मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू?

मग मीच तेच केलं. स्टुडिओला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मी एका साप्ताहिकात दादावर लेख लिहिला. कोळीवाड्यातली लग्नं, मिठागरं, दादाची नजर... अगदी भरभरून. वहिनींनी तो शेवटपर्यंत वाचला, हसल्या आणि घडी घालून परत न्यायच्या पुस्तकांवर ठेवला. "भावजी, ह्यो पन न्या." चहा मात्र नेहमीसारखाच दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा लिहितो म्हणालो, आणि चार वर्षं नुसती चालढकल केली. ती आता फार बोचते.

गेल्या रविवारी इथवरचा मजकूर दादाला वाचून दाखवला. पाण्याचं आलं तिथे त्यानं हात वर केला. मग म्हणाला, "इतक्या वर्सांत मी तिला कदी इचारलं नाय, दमलीस का म्हनून..."

लेखासोबत वहिनींचा फोटो हवा होता. निगेटिव्ह होती, प्रिंट नव्हती. दादा उठला, त्यानं हंडा घेतला. मी सोबत निघालो तर नको म्हणाला. विहिरीवर त्याच्या तीन खेपा झाल्या. इथे छापलेला वहिनींचा फोटो त्या पाण्यात धुतलेला आहे.