वाहत्या पाण्याची भट्टी

बातमी आली तेव्हा मी स्टोअरच्या खिडकीत बसून एका माणसाशी भांडत होतो. जुना व्हॉल्व्ह जमा न करता त्याला नवा हवा होता आणि मी देत नव्हतो. मेंटेनन्सचा एक हेल्पर सायकल भिंतीला टेकवून आला, आमचं भांडण संपायची वाट पाहत बाजूला उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "भाऊ, आपला सोमाजी वारला. सकाळीच. ताप डोक्यात चढला होता म्हणते." मी त्या माणसाला नवा व्हॉल्व्ह देऊन टाकला आणि खिडकी लावून घेतली. याच खिडकीशी सोमाजी थोड्याच दिवसांपूर्वी हसत उभा होता. नव्या धानाच्या पूजेला गावी निघाला होता आणि माझ्याकडं एक तोटीचा वायसर मागत होता... आता या गोष्टीला दीड-दोन महिने झाले. लोक म्हणतात, दिवस गेले की मन हलकं होतं. माझं तरी झालेलं नाही, आणि होईल असं काही दिसत नाही.

सोमाजी कुमरे आमच्या वीज केंद्रात फिटर होता. धानोऱ्याच्या पुढं, रस्ता संपतो तिथून बरंच आत त्याचं गाव. जातीनं गोंड. मी चंद्रपूरचा, बौद्ध घरातला, आमच्या घरात दारूचं नाव काढलं तरी आई जेवणावरून उठायची. तरीही आमची दोस्ती जमली, ती त्याच्या एका खोडीमुळं. कोणी विनाकारण ओझं उचलताना दिसलं की त्याला राहवत नसे. ऊर्जानगरात त्याला क्वार्टर मिळालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यानं मागच्या भिंतीवर एक ड्रम चढवला, नळाला पाणी आलं की तो भरून ठेवायचा आणि खाली मोरीत तोटी लावून दिली. बायको सुगंधा बादल्या उचलायची थांबली. मग शेजारच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या मागं टुमणं लावलं, आणि महिनाभर सोमाजीला रविवार म्हणून उरला नाही. मी चिडवायचो की तुला पगार केंद्र देते आणि काम तू लायनीतल्या बायकांचं करतोस. तो म्हणायचा, "पाणी आपल्या मनानं खाली येते ना भाऊ, मंग माणसानं काऊन उचलाचं?" एवढंच त्याचं तत्त्वज्ञान होतं.

पण या खोडीमागं खरं कारण त्याच्या आईचं होतं. ती गावात एकटी राहायची. बाप लहानपणीच गेलेला, दुसरं भावंड नाही. त्यांच्यात पूजेला, लग्नाला, मयतीला मोहाची दारू लागते. चार थेंब जमिनीवर सांडून आधी गेलेल्यांना द्यायची, मग जित्यांनी घ्यायची. ही दारू त्याची आई, मी तिला बाई म्हणायचो, स्वतः काढायची, विकण्यासाठी कधीच नाही. चुलीवर सडव्याचं, म्हणजे आंबवलेल्या मोहफुलांचं मडकं, त्यावर बुडाला भोकं असलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत एक भांडं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर थंड पाण्याचा गंज, म्हणजे पातेलं. वाफ वर जाते, गंजाच्या थंड बुडाला लागते आणि थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. गंजातलं पाणी तापलं की तो उचलून ओतायचा, नवं पाणी भरायचं. अशी किती पाणी बदलली त्यावर दारूची ओळख, तीन पाण्याची कडक, सात पाण्याची मऊ. प्रत्येक पाण्याला बाई चुलीजवळ एक टोळ ठेवायची, टोळ म्हणजे मोहाचं बी. विहीर घरापासून लांब, खाली नाल्याकडं. एका वर्षी तापलेला गंज उतरवताना तिचा हात सटकला आणि कढतं पाणी पायावर आलं. सोमाजी रजेवर गेला तेव्हा पाय सुजून काळा पडला होता आणि तिनं त्याच्यावर हळद थापून पुन्हा भट्टी लावली होती. परत आल्यावर त्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो खाली पाहत होता. म्हणाला, "भाऊ, पुढच्या खेपी ती चुलीत पडन."

मग त्यानं गंजात आपोआप पाणी सोडणारं एक स्टँड बनवायला घेतलं. नवं सामान घ्यायची ऐपत नव्हतीच. भंगारवाल्याकडून मोडक्या खाटांचे अँगल आणले, डांबराचा एक ड्रम रॉकेल आणि राखेनं आठवडाभर घासला, मोडलेल्या सायकलीच्या नळ्या घेतल्या. वेल्डिंग त्यानं शहरातल्या एका ग्रीलवाल्याकडं करून घेतलं, मोबदल्यात त्याचा बंद पडलेला पंखा दुरुस्त करून दिला. तीन मजले होते. वर पाण्याचा ड्रम, मधे आडव्या पट्टीवर तोटी आणि नळी, ती नळी चुलीवरच्या गंजात उतरणार. गंजाच्या काठाला खाच, तिथून तापलेलं पाणी दुसऱ्या नळीनं खालच्या डब्यात. ड्रम सकाळी एकदाच भरायचा, मग बाईनं बाजूला पाट टाकून नुसतं बसायचं. क्वार्टरच्या अंगणात त्यानं साध्या पाण्यावर ते चालवून दाखवलं तेव्हा सगळी लायन बघायला आली होती. कशासाठी आहे ते कोणाला सांगितलं नव्हतं. एक साहेब म्हणाले की बागेला पाणी द्यायला छान आहे, आणि सोमाजीनं मान डोलावली.

ते गावी न्यायला मीही गेलो होतो. एसटीच्या टपावर बांधलं, तर कंडक्टर खाली उतरून म्हणतो, "हे काय घेऊन राह्यले तुम्ही? फाशी द्याचं दिसते." सोमाजी म्हणाला, "पाण्याच्या माठाचं आहे, भाऊ." अगदीच खोटं नव्हतं. मूल आणि सावली ही गावं मागं टाकून वैनगंगा ओलांडली, गडचिरोलीला गाडी बदलली आणि शेवटचा रस्ता बैलगाडीनं. अंगणात उभं केलं तर पाय मातीत रुतले, ड्रम भरताच सगळा सांगाडा एका अंगाला कलला. सपाट दगड शोधून पायांखाली घातले. बाई ओसरीवर बसून हे बघत होती, बुटकी, वाळलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. सोमाजी तिच्याशी गोंडीत बोलत होता, तिला यायो म्हणायचा. भट्टी लागली, पाणी झुळुझुळू वाहू लागलं. बाई पाटावर बसली. थोड्या वेळानं ती अस्वस्थ झाली, टोळांची वाटी या हातातून त्या हातात करू लागली, आणि मला कळावं म्हणून की काय, मराठीत म्हणाली, "गिनाचं कसं?"

सोमाजी म्हणाला, "गिनाचं कायले? पाणी चालूच आहे."

"चालूच आहे म्हणूनच तं. बदलतच नाई ते. किती पाण्याची झाली, मले कसं कळन?"

"चाखून पाहाची."

"ज्यायले द्याची त्यायच्या आंधी मी चाखू?" बाई म्हणाली आणि उठून तिनं तोटी बंद केली. मग बादली उचलून विहिरीकडं निघाली. सोमाजीनं धावत जाऊन ती बादली हातातून घेतली. त्या दिवशी सगळी पाणी त्यानंच आणली आणि गंजही त्यानंच उतरवला. तीन मजल्यांचं स्टँड बाजूला उभं, आणि हा घामाघूम होऊन विहिरीवरून येतो आहे. मला हसू आवरेना. तो म्हणाला, "हास, हास."

पुढं चार-पाच वर्षं हेच चाललं. बाईनं म्हणावं की रबराचा वास लागते, सोमाजीनं म्हणावं की पाणी दारूले लागतेच कुठी, आणि तरी पुढच्या खेपेला रबर काढून बांबूची नळी बसवावी. मोजण्याची अडचण सोडवायला त्यानं मधे एक लहान डबा टांगला, तो भरला की आपोआप उलटायचा आणि एकदम एक गंज पाणी सोडायचा. म्हणजे बाईला टोळ ठेवता यावा. मला ती युक्ती फार आवडली होती. बाईनं ती पाहिली, एक टोळ ठेवला, दुसरा ठेवला आणि म्हणाली की जुनं पाणी पुरतं जात नाई, अर्धं राहते, हे पाणी बदललं नाई, मिसळलं. खरंच होतं ते. सोमाजीनं डबा काढून टाकला. एकदा शेजारणीनं पाणी आणून देते म्हटलं, तर तेही चालेना. घरच्या मेलेल्यांची दारू, पाणी घरच्याच हातचं पाहिजे, हा तिचा आपला हट्ट. गावातल्या बाकीच्यांचं असं काही नव्हतं. मग काय, ज्या ज्या वेळी गावी दारू लागायची त्या त्या वेळी सोमाजी रजा टाकायचा. रजा संपल्या की बिनपगारी. सुगंधा कुरकुरायची, मी त्याला शिव्या द्यायचो. मला त्या म्हातारीचा राग यायचा, अजून येतो, आणि आता तो कुठं ठेवावा कळत नाही. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, तिला ते नकोच आहे, भंगारात दे." तो म्हणाला, "आज नाई तं उद्या बसन भाऊ ती. थकन तवा बसन." परत निघताना तो न चुकता तो ड्रम काठोकाठ भरून वर फळी टाकायचा. मनाला आलं तर तोटी उघड, एवढंच आईला सांगायचा. पुढच्या वेळी तेच पाणी शिळं होऊन तसंच असायचं. ते सांडून पुन्हा भरायचा.

यंदाही नव्या धानाच्या पूजेला गेला, तीन दिवस पाणी भरलं, पूजा करून आला आणि परतल्यावर थंडी वाजून ताप भरला. गोळ्या घेतल्या, उतरला, पुन्हा चढला. सुगंधाला वाटलं नेहमीचा असेल. दवाखान्यात नेलं तेव्हा तो तिला ओळखत नव्हता. डास इथंही आहेत, तिथंही आहेत, कुठला चावला कोण सांगणार? पण बाईनं तिचा हिशोब केव्हाच लावला होता. आम्ही त्याला गावी घेऊन गेलो तेव्हा ती रडली नाही, चेहऱ्यावरून हात फिरवत राहिली आणि मला म्हणाली, "पाणी भराले आला नसता तं..." एवढंच. माझ्याही मनात तेच होतं.

त्याच्या दिवसकार्याला मी पुन्हा गेलो. सुगंधा ओसरीवर धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. क्वार्टर सोडावं लागणार, माहेरी भाऊ ठेवून घेईल की नाही, हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. मयताची दारू काढायची होती आणि ती बाईच काढणार होती. बायका घागरी घेऊन आल्या, पुरुष विहिरीवर जातो म्हणाले. मीही उठलो. बाईनं कोणालाच हलू दिलं नाही. मला वाटलं, ही आता स्वतः नाल्यावर जाणार आणि तिथंच पडणार.

ती स्टँडजवळ गेली, ड्रम भरायच्या शिडीवर चढली. फळी सरकवून तिनं ड्रमात हात घातला. पाणी कोपरापर्यंत आलं. पूजेनंतर निघताना सोमाजीनं भरून ठेवलेलं, त्याच्यावर एक पान तरंगत होतं. ते तिनं काढून टाकलं. चूल पेटवली, मडकी चढवली, चिंध्या आणि माती लावून फटी बुजवल्या, आणि तोटी उघडली. बांबूतून पाणी गंजात पडू लागलं, काठाच्या खाचेतून खाली जाऊ लागलं. पाट कोणीतरी आणून दिला. बाई बसली. टोळ तिनं आणलेच नव्हते. दुपारभर ती तशीच बसून होती, हात मांडीवर, आणि तिला करायला काहीसुद्धा काम नव्हतं. सोमाजीला हेच हवं होतं... ते तो मेल्यावर झालं. मी तिच्याकडं पाहू शकलो नाही, उठून गोठ्याच्या मागं गेलो आणि तिथं पोटभर रडलो.

संध्याकाळी तिनं पानाच्या द्रोणात घेऊन चार थेंब जमिनीवर सांडले. गोंडीत काहीतरी पुटपुटली, त्यात त्याचं नाव होतं. माती ओली झाली आणि लगेच सुकली. बाई तिथंच वाकून बसून राहिली, जणू कोणी बोलेल म्हणून. मग मान वळवून तिनं मला विचारलं, "त्याले चालन का रे हे? मी गिनलंच नाई."

"चालन, बाई," मी म्हणालो. "त्यानंच तं बनवलं."

"तुले काय मालूम," ती म्हणाली. मग स्टँडचा पाय धरून कशीबशी उठली आणि तिनं तोटी बंद केली. ड्रमाच्या तळाशी त्याचं थोडं पाणी राहिलं होतं. त्यावर तिनं फळी टाकली, फळीवर दगड ठेवला, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं.