लिमये काकांचा निवृत्त फोन

हे मी कुणाला सांगणारच नव्हते. पण आता विषय निघालाच आहे, तर ऐका. फक्त चहाचा घोट गिळून मग हसा.

मी डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्प काय, तर टाकून दिलेल्या मोबाइलचा पुन्हा वापर. कात्रजला मावशीकडे राहते. समोरच्या लिमये काकांनी तडा गेलेला फोन दिला. "ने. माझ्यासारखाच निवृत्त आहे. पण नजर शाबूत आहे त्याची."

मोडक्या चौरंगाच्या लाकडाची पेटी करून तिच्यात तो बसवला आणि त्याचा राखणदार केला. समोर काही हललं की कॅमेऱ्याला दिसतं आणि फोन ओरडतो. ओरडणार कुणाच्या आवाजात? माझ्याच! घसा खरवडून, जाड आवाज काढून रेकॉर्ड केलं, "कोण आहे? जागेवरून हलू नका! पोलिसांना फोन केलाय!"

सकाळभर खटपट केली. यंत्र हूं की चूं करेना. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार, आणि 'वापरणाऱ्याचा अभिप्राय' हा फॉर्म अजून कोरा! शेवटी पेटी दारासमोरच्या कपाटावर चार्जिंगला लावली आणि मॅडमकडे मुदत मागायला कॉलेजात गेले. मिळाली नाही, अर्थात.

दुपारी तीनला परतले. मावशी ऑफिसात. कुलूप काढलं, दार ढकललं.

"कोण आहे? जागेवरून हलू नका!"

आणि मी हलले नाही! सांगितलेलं ऐकायची सवय, काय करणार? वर "अहो, मी इथेच राहते हो!" असं म्हणत दोन्ही हात वर केले.

"कोण आहे? जागेवरून..."

मग मात्र पळाले आणि काकांचं दार बडवलं. दुपारी तीन वाजता! त्या वेळी आमच्या इमारतीत कुरियरवालासुद्धा त्यांची बेल वाजवत नाही.

"काका, घरात कुणीतरी बाई शिरलीय! घोगऱ्या आवाजाची! दोनदा ओरडली माझ्यावर!"

"आत्ता? चारनंतर नसतं का जमलं तिला?"

छत्री उगारून काकांनी आत डोकावलं. पुन्हा तोच आवाज. काकांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"पोलिसांना चोरानेच फोन केलाय? फारच सज्जन बाई दिसतात."

ते सरळ आत गेले आणि पेटी हातात घेऊन बाहेर आले.

"हा माझाच फोन ना?"

"हो."

"आणि ह्या बाई?"

"...मी."

म्हणजे यंत्र चालत होतं! फोन उपाशी होता, इतकंच. मला इतका आनंद झाला की लाज बाजूला ठेवून म्हणाले, "काका, अभिप्राय लिहून द्याल?"

काकांनी पेटी जागेवर ठेवली आणि ते दाराबाहेर आले. मी फॉर्म आणायला आत धावले.

"कोण आहे? जागेवरून हलू नका!"

मी थांबले. हात वर.

काका बाजूने आत गेले, टेबलावरचा फॉर्म स्वतःच घेतला आणि सुवाच्य अक्षरात भरला.

'चाचणी कोणावर केली?' – 'बनवणारीवरच. तीनदा.'

'निकाल?' – 'तिन्ही वेळा यशस्वी.'