तंजावरचा सुमार

कमलाक्का सिनेमा डोळ्यांनी बघायच्या, पण निकाल त्यांचे हात द्यायचे. टीव्हीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसताना मांडीवर सूप आणि सुपात काहीतरी निवडायला असल्याशिवाय त्या रिमोटला हात लावत नसत. सिनेमा टाकाऊ असला की शेवग्याच्या पाल्याची जुडी निघायची. तो पाला काडीकाडीने खुडायचा, म्हणजे मान वर करायची गरजच नाही. बरा असला की वालाच्या शेंगा. शिरा काढता काढता अर्धं लक्ष पडद्यावर ठेवता येतं. आणि खरोखर चांगला असला, तर हात सुपातच थांबायचे. असं क्वचित व्हायचं. मी त्यांच्याकडे राहिले तेवढ्या वर्षांत आमच्या घरात शेवग्याची भाजी फार झाली.

मी सांगलीची. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग तपासायची नोकरी लागली, आणि टी. नगरात, साड्यांच्या दुकानांच्या मागच्या एका गल्लीत, अक्कांच्या घरी वरची खोली मिळाली. घर दाखवणाऱ्याने ‘मालकीणबाई मराठी आहेत’ असं सांगितल्यावर मी हुरळून गेले होते. दार उघडलं ते नऊवारी नव्हे, चांगली कांजीवरम नेसलेल्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या घातलेल्या बाईंनी. “ये, आंत ये. कसाला उभी राहिलीस? जेवलीस कीं?” शब्द एखाद्या जुन्या बखरीतले आणि सूर अस्सल तमिळ. अक्कांचं घराणं पिढ्यान् पिढ्या तंजावरचं. लग्न होऊन त्या चेन्नईला आल्या आणि इथल्याच झाल्या. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला होता, मुलाच्या लग्नात, पुण्याला. “तुमच्या गांवीं सगळीं भांडल्यासारखीं बोलतात,” एवढंच त्यांचं प्रवासवर्णन.

मी त्यांना ‘काकू’ म्हणाले तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, काकू कोण आली म्हणून. भावंडांत थोरल्या म्हणून त्या अक्का, आणि मग मुलाच्या, सुनेच्या, फुलवाल्या सेल्वीच्या, सगळ्यांच्याच अक्का झाल्या होत्या. मीही दुसऱ्या दिवसापासून अक्काच म्हणू लागले.

पहिल्याच रविवारी मी त्यांच्यासाठी पोहे केले. आईचा फोन चालू ठेवून, तिला विचारून विचारून केले. ओलं खोबरं, लिंबू, वरून कोथिंबीर. अक्कांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “सुमार.”

माझं तोंड एवढंसं झालं. आमच्याकडे एखाद्या गोष्टीला सुमार म्हटलं की तिची लाजच काढली. सुमार कविता, सुमार बुद्धी, सुमार दर्जा. शत्रूलासुद्धा लोक जरा जपून म्हणतात. मी मनात म्हटलं, बाई फटकळ दिसते. तेवढ्यात बाईंनी ताटली पुढे केली. “अजून घाल.”

“सुमार आहेत ना?” मी जरा घुश्शातच म्हणाले.

“होय कीं. सुमार आहेत म्हणूनच घाल म्हणतें. नक्को असते तर नक्को म्हणटलें असतें.”

तेव्हा कळलं की तमिळमध्ये सुमार म्हणजे बरं, ठीकठाक. इथे सिनेमा बघून आलेल्याला ‘कसा होता?’ विचारलं की तो हात हलवून ‘सुमार’ म्हणतो, आणि कुणाची अब्रू जात नाही. अक्कांच्या मराठीत तोच अर्थ मुरला होता. त्यांच्याकडे तीनच शेरे. एक ‘नक्को’. दुसरा ‘सुमार’, म्हणजे बसून बघावं, पोटभर जेवावं असं काहीही. आणि तिसरा ‘चोखोट’, म्हणजे उत्तम. हा तिसरा त्या दागिन्यासारखा कुलपात ठेवत. कारखान्यात माझं कामच पास-नापास करायचं, त्यामुळे ही पद्धत मला लगेच पटली.

रोज संध्याकाळी कंपनीची बस मला गिंडीला सोडायची, तिथून घर गाठेपर्यंत अक्कांचा चहा तयार असायचा. मग आम्ही माझ्या वर्गणीवर आणि त्यांच्या टीव्हीवर जगभरच्या मालिका बघायचो. अक्कांना भाषेची अडचण नव्हती, खालच्या इंग्रजी ओळी त्या भराभर वाचत. मी मोठ्या हौसेने मराठी सिनेमा लावला, तेव्हाही त्यांनी खालच्या ओळी चालू करायला लावल्या. “हळू बोला म्हणावं त्यांस. मला अर्धं कळत नाहीं.”

त्यांची मतं कुठल्याही समीक्षकाला सुचणार नाहीत अशी होती. कुठल्याशा थंड देशातली गाजलेली खुनाची मालिका आम्ही बघत होतो. ऑफिसातले सगळे तिच्यावर फिदा. अक्का दोन भाग बघून म्हणाल्या, “ह्यांच्या घरीं दिवे लावीत नाहींत कीं? चोर सांपडेल कसा? आधीं स्विच घाला म्हणावं.” पाला निघाला. दक्षिणेतल्या एका भव्य सिनेमात नायकाने एका हाताने रथ उचलला तेव्हा त्या म्हणाल्या, “सेरि, रथ उचलला. अत्तां खालीं कोठे ठेवणार तें दाखव.” ते सिनेमात दाखवलं नव्हतं. माणसं भरल्या ताटावरून उठून जातात हे त्यांना अजिबात खपत नसे. कौटुंबिक मालिकांत तर दर भागात कुणीतरी रागावून उठतंच. “अय्यय्यो, भात टाकून गेली. भांडण करा, पण ताक-भात जेवून करा.” मी गंभीर चेहऱ्याने बघत असलेला प्रसंग अशा वेळी हातचा जायचा. मी चिडायची, आणि नंतर हसून हसून पोट दुखायचं.

अक्कांचा जीव अडकला होता तो त्यांच्या नातीत, रेवतीत. मुलगा पुण्यात स्थायिक, सून तिथलीच, रेवती तिथेच वाढलेली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. अक्का त्या दिवशी लवकर न्हाऊन, केसांत मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घालून फोनपाशी बसत. नात त्यांना बघू शकते म्हणून नव्हे, फोन साधाच होता. “रेवतीशीं बोलायचं ना,” एवढंच कारण.

या रेवतीने एक मालिका लिहिली. छोटीशीच, पुण्यातल्या एका बंद पडत आलेल्या लॉन्ड्रीची गोष्ट, आणि तिच्यात गल्ल्यावर बसणारी, दक्षिणेतून आलेली एक म्हातारी. ती म्हातारी ‘कसाला’ म्हणायची आणि गिऱ्हाइकाला आधी ‘जेवलास कीं?’ विचारायची. पहिल्याच संवादाला मी अक्कांकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांनी खास वालाच्या शेंगा आणल्या होत्या, म्हणजे अपेक्षा बरी होती. पहिली शेंग हातात धरली ती धरलेलीच राहिली. आम्ही ओळीने सगळे भाग बघितले. स्वयंपाकघरातून जळका वास आला तेव्हा मी धावले. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या तळाला काळं झालं होतं. अक्कांच्या घरात दूध करपलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

परत आले तर अक्का टीव्हीपुढे उभ्या. मुठीत मीठ आणि लाल मिरच्या, आणि चालू टीव्हीवरून हात ओवाळून त्या दृष्ट काढत होत्या. पडद्यावर नावं सरकत होती.

“अक्का, टीव्हीची दृष्ट?”

“रेवती इथें नाहीं ना. तिचं नांव तेथेंच आहे,” त्या म्हणाल्या आणि मिरच्या जाळायला आत गेल्या. मी खोकत खोकत हसले.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात असताना रेवतीचा फोन येऊन गेला. संध्याकाळी मी विचारलं, काय सांगितलंत? “सुमार म्हणून सांगटलें,” अक्का म्हणाल्या. “आणिक ती म्हातारी जेवून हात न धुतां फोन धरते, तें चुकलं म्हणटलें. मी करीन कीं असं?” मला वाटलं, नातच ती, तिला आजीचा शब्द कळत असणार.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळी गेली, मार्गळी महिना लागून दारात रांगोळीचे कोलम पडू लागले. अक्का रविवारी न्हायच्या, गजरा घालायच्या, बसायच्या. मुलाचा फोन यायचा, तो म्हणायचा, रेवतीला काम फार आहे. “काम असेल,” अक्का मला सांगायच्या. “तुम्हीच करा की फोन,” असं मी दोनदा म्हणाले. “लेंकरू मोठं झालं. त्यास वेळ होईल तेव्हां करील.” दुपारपर्यंत गजरा कोमेजायचा आणि त्या तो काढून तुळशीच्या कुंडीत टाकायच्या. सिनेमे चालू होते, पण आता चांगल्या सिनेमालासुद्धा शेवग्याचा पाला निघत होता. मला ते बघवेना.

अक्कांच्या औषधांसाठी म्हणून रेवतीचा नंबर माझ्याकडे होता. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर सरळच विचारलं.

“आजी माझ्या मालिकेला सुमार म्हणाली,” ती म्हणाली. “सुमार! पेपरातल्या माणसाने म्हटलं असतं तर मी भांडले असते गं. ती म्हातारी मी तिच्यावरून लिहिली होती. घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही मी. काय सांगणार?”

मी कपाळावर हात मारला. भांड्यांच्या खडखडाटात, ओरडून ओरडून तिला माझ्या पोह्यांची गोष्ट सांगितली. म्हटलं, बाई गं, हा पुण्याचा सुमार नाही, तंजावरचा आहे. तो दुसऱ्यांदा वाढून घेतात. मग वालाची शेंग सांगितली, दुधाचं पातेलं सांगितलं. शेवटी टीव्हीची दृष्ट सांगितली. तिथे तिचा आवाज एकदम बदलला.

“टीव्हीची?”

“तुझं नाव तिथे होतं म्हणून.”

ती रडत होती की हसत होती, मला त्या गोंगाटात कळलं नाही. जेवणाची सुट्टी संपली होती.

रविवारी फोन वाजला. अक्कांनी तो पहिल्याच घंटीला उचलला, आणि मग काहीच घडलं नसल्यासारखं विचारलं, “जेवलीस कीं?” मी वर जायला निघाले, पण जिन्यातच थांबले. खोटं कशाला बोलू, मला ऐकायचं होतं. रेवतीने बहुधा ‘मग चोखोट का नाही म्हणालीस?’ असं विचारलं असावं, कारण अक्का जरा दटावून म्हणाल्या, “चोखोट कसं म्हणूं? आपल्या लेंकरास आपण चोखोट म्हणूं नये. कण्णु पडतं, दृष्ट लागते. लोकांस म्हणूं दे. मी सुमारच म्हणणार.” आणि लगेच म्हणाल्या, “पण हात धुव म्हण त्या म्हातारीस.”

उन्हाळ्यात रेवती येऊन राहिली. ऐन कत्तिरीच्या, म्हणजे मे महिन्यातल्या, उन्हात, जेव्हा चेन्नईत कुणी शहाणा माणूस येत नाही. आम्ही तिघींनी पंख्याखाली बसून लॉन्ड्रीची मालिका पुन्हा बघितली. रेवती पडद्याकडे बघतच नव्हती, आजीच्या हातांकडे बघत होती. अक्कांच्या ते लक्षात आलं. त्यांनी सूप सरळ तिच्या मांडीवर ठेवलं. “तूं निवड. मला बघूं दे.”

पुढच्या वर्षी अक्का गेल्या. दुपारी वामकुक्षीला आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. टीव्हीवर अर्धा बघून थांबवलेला सिनेमा तसाच होता. सुपात शेवग्याचा पाला होता, त्यावरून सिनेमा कसा होता ते मला कळलं. मुलगा, सून, रेवती आली, दिवस झाले, घर विकायचं ठरलं. मी गिंडीजवळ एक खोली घेतली. अक्कांचं सूप मी मागून घेतलं. बाकी कुणाला ते नको होतं.

मी अजून चेन्नईतच आहे. एखादा सिनेमा लोक डोक्यावर घेतात तेव्हा मला अजून अक्कांचा प्रश्न ऐकू येतो: सेरि, रथ उचलला, अत्तां खालीं कोठे ठेवणार? कामावरही कुणी मोठमोठ्या बाता मारू लागलं की हाच प्रश्न मनात येतो. फार उपयोगी प्रश्न आहे. आणि कुणी माझ्या एखाद्या गोष्टीचं तोंड भरून कौतुक केलं की मला उगाच धास्ती वाटते. ‘सुमार’ म्हणणारं माणूस घरात असलेलं बरं, असं वाटतं.

परवा रेवतीची दुसरी मालिका आली. सुट्टीच्या सकाळी, वालाच्या शेंगा घेऊन, मी ती लावली. तिच्यातही एक म्हातारी आहे. पहिल्याच भागात ती जेवून उठते, मोरीत जाते आणि चांगले खळखळून हात धुते. मग फोन घेते. तो प्रसंग गोष्टीला काही लागत नाही, पण ठेवला आहे. त्यानंतरचं मला काही काळ धड दिसलंच नाही, डोळे पुसून मागे जाऊन पुन्हा बघावं लागलं.

संपल्यावर रेवतीला एकच शब्द लिहून पाठवला. सुमार.

लगेच उलट प्रश्न आला: “तंजावरचा की पुण्याचा?”

“तंजावरचा,” असं लिहिलं, आणि पडद्यावर तिचं नाव होतं तोवर मीठ-मिरच्या आणायला उठले.